दूरस्थ साठवणीवरील लेखनाचा वेग : ‘लिहून घेतले’, ‘लिहून ठेवले’ आणि ‘लिहून दिले’

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत संगणकीय साठवणीविषयी लेख यावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु बोलींचा अभ्यास करणाऱ्या विभागाजवळ आज जी खरी संपत्ती आहे ती कागदावर नाही; ती ध्वनिमुद्रणांच्या आणि त्यांवरील टिपणांच्या रूपाने डिस्कवर आहे. ही मुद्रणे ज्या वृद्ध निवेदकांनी दिली त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. हरवलेला प्रबंध पुन्हा लिहिता येतो. गेलेल्या माणसाचे बोलणे पुन्हा मुद्रित करता येत नाही.

आमच्या विभागाचा संग्रह पूर्वी एका यंत्रावर होता. पुढे तो अनेक यंत्रे मिळून बनलेल्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, हलविण्यात आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु त्यानंतर टिपणे करणाऱ्या साहाय्यकांची एक तक्रार सतत कानी येऊ लागली. वाचन जलद होते, लेखन मात्र रेंगाळते, ही ती तक्रार होय. तिच्यावर दोन उपाय सुचविण्यात आले : प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवण्याऐवजी एकच ठेवावी, आणि ‘सर्व काही डिस्कवर उतरव’ अशी जी आज्ञा प्रोग्राम वेळोवेळी देतो तिच्याकडे यंत्राने कानाडोळा करावा. दोन्ही उपायांनी वेग वाढतो यात शंका नाही. प्रश्न असा की, हा वेग कशाच्या मोबदल्यात मिळतो?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दूरस्थ साठवणीवरील लेखन मंद का असते, ते जलद करण्याचे उपाय कोणते, आणि त्यांपैकी कोणते उपाय साठवणीने दिलेले वचन अबाधित ठेवतात व कोणते ते सैल करतात, एवढाच या विवेचनाचा आवाका आहे.

२. तीन क्रियारूपे

प्रथम एका संज्ञेचा उलगडा करू. डिस्क ही संगणकाच्या दृष्टीने सारख्या आकाराच्या व क्रमांक दिलेल्या कप्प्यांची एक लांब ओळ असते. या कप्प्यास ब्लॉक म्हणतात, आणि ‘अमुक क्रमांकाचा ब्लॉक वाच’ किंवा ‘अमुक क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये हे लिही’ एवढ्याच आज्ञा ज्याला समजतात ते ब्लॉक-साधन होय. ही डिस्क त्याच यंत्रात असलीच पाहिजे असे नाही. आज्ञा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे धाडावी आणि उत्तर आल्यावर जणू ते आपल्याच डिस्कने दिले असे मानून पुढे जावे, ही युक्ती जुनी आहे. लिनक्समध्ये पाव्हेल माखेक यांनी १९९७ साली असे नेटवर्क-ब्लॉक-साधन आणले. वरचा प्रोग्राम या दूरस्थपणाविषयी अनभिज्ञ असतो. तो ‘लिही’ म्हणतो आणि ‘लिहिले’ या उत्तराची वाट पाहतो. या उत्तरास आपण पोच म्हणू.

आता ‘लिहिले’ म्हणजे नेमके काय झाले? मराठीत संयुक्त क्रियापदांच्या साहाय्याने हा भेद नेमकेपणाने दाखविता येतो. कारकुनाने सांगणाऱ्याचे शब्द टिपले की त्याने ते लिहून घेतले. ते दप्तरात पक्केपणाने नोंदविले की त्याने ते लिहून ठेवले. आणि ‘हे माझ्याकडे आहे, मी जबाबदार आहे’ असे समोरच्याच्या हाती सोपविले की त्याने ते लिहून दिले. पहिल्यात ग्रहण आहे, दुसऱ्यात टिकाव आहे, तिसऱ्यात वचन आहे.

संगणकातही हीच तीन स्थाने वेगळी आहेत. नोंद स्मृतीत, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या जागी, आली म्हणजे ती लिहून घेतली गेली. वीज गेली तरी राहील अशा जागी ती उतरली म्हणजे लिहून ठेवली गेली. आणि प्रोग्रामकडे पोच गेली म्हणजे लिहून दिले गेले. लिहून ठेवण्यापूर्वीच लिहून दिले तर साठवण जलद भासते. परंतु मधल्या अवधीत वीज गेल्यास दिलेले वचन खोटे ठरते. जे. एल. ऑस्टिन यांचे १९६२ साली प्रसिद्ध झालेले कृत्यात्मक उक्तींविषयीचे विवेचन ज्यांस परिचित आहे त्यांस हे चटकन ध्यानी येईल की, पोच ही केवळ वस्तुस्थितीची वार्ता नसून ती एक हमी आहे. तिच्या भरवशावर प्रोग्राम पुढचे पाऊल टाकतो आणि आपल्याजवळचा मूळ मजकूर स्मृतीतून काढून टाकतो.

पोच केव्हा द्यावी या प्रश्नाची उत्तरे एकाच पद्धतीत शेजारी मांडलेली पाहावयाची असतील तर डीआरबीडी या साधनाकडे पाहावे. दोन यंत्रांतील डिस्क एकमेकींच्या प्रतिकृती म्हणून चालविण्यासाठी व्हिएन्ना येथे फिलिप राइसनर यांनी ते रचले, आणि २०१० साली ते लिनक्सच्या मुख्य प्रवाहात समाविष्ट झाले. त्यात ए, बी व सी असे तीन नियम आहेत. ‘ए’ प्रमाणे स्थानिक डिस्कवर लेखन झाले आणि दुसऱ्या यंत्राकडे जाणारा मजकूर पाठवणीच्या रांगेत ठेवला गेला की पोच मिळते. ‘बी’ प्रमाणे तो दुसऱ्या यंत्राच्या स्मृतीत पोहोचला की मिळते. ‘सी’ प्रमाणे दोन्ही डिस्कवर तो उतरल्याशिवाय मिळत नाही. तिन्ही नियमांत पोचेचा शब्द एकच आहे. त्याचा अर्थ मात्र तीन प्रकारचा आहे.

३. एका लेखनाचा प्रवास

क्लस्टरमध्ये हे कसे घडते हे पाहण्यासाठी सेफ या प्रचलित प्रणालीचे उदाहरण घेऊ. सेज वाइल यांनी सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टरेटच्या संशोधनात तिची उभारणी केली. तिच्यावरील प्रमुख निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. हे नाव अष्टपाद ज्या प्राणिवर्गात मोडतात त्या वर्गाच्या लॅटिन नावाचा संक्षेप आहे. सुरक्षित या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. तिच्यातील ब्लॉक-साधनास आरबीडी म्हणतात.

आरबीडीवरील एक कल्पित डिस्क मूळ मांडणीनुसार ४ मेगाबाइटच्या खंडांत विभागलेली असते. प्रत्येक खंडाच्या नावावरून गणिताने त्याचा गट ठरतो, आणि गटावरून ‘क्रश’ या गणनपद्धतीने तो कोणत्या तीन डिस्कवर राहावा हे ठरते. कोणता खंड कोठे आहे याची मोठी यादी कोणासही जवळ बाळगावी लागत नाही. क्लस्टरचा नकाशा ज्याच्यापाशी आहे त्यास ते स्थान स्वतःच काढता येते. प्रत्येक डिस्कमागे तिची राखण करणारा एक स्वतंत्र प्रोग्राम चालू असतो. त्याला ओएसडी म्हणतात. तीन ओएसडींपैकी एक त्या गटाचा प्रमुख असतो.

समजा, टिपणाच्या प्रोग्रामने ४ किलोबाइटचा एक ब्लॉक लिहिला. तो प्रथम प्रमुख ओएसडीकडे जातो. प्रमुख तो आपल्या डिस्कवर लिहावयास घेतो आणि त्याच वेळी उरलेल्या दोघांकडे धाडतो. ते दोघे आपापल्या डिस्कवर तो टिकाऊपणे लिहितात व प्रमुखास तसे कळवितात. तिघांचेही लेखन पुरे झाल्यावरच प्रमुख मूळ यंत्रास पोच देतो. वाचनाच्या वेळी साधारणतः एकट्या प्रमुखास विचारले की भागते. वाचन जलद व लेखन मंद का, याचे पहिले कारण हे असे प्रणालीच्या रचनेतच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेफमध्ये प्रतींची संख्या ३ व किमान संख्या २ अशी मांडणी सामान्यतः असते. त्यावरून तीनपैकी दोन प्रती झाल्या की पोच मिळत असावी, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. गटातील जेवढे ओएसडी त्या वेळी कार्यरत आहेत तेवढ्या सर्वांचे लेखन झाल्यावरच पोच मिळते. कार्यरत ओएसडी दोनहून कमी उरले तर त्या गटाचे काम थांबवावे, एवढाच किमान संख्येचा अर्थ.

खुद्द ओएसडीच्या आतही एक प्रवास आहे. व्यापारी दिवसाचे व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवितो आणि मागाहून सवडीने खतावणीत त्यांची खाती लावतो. साठवणीतही तीच रीत आहे. पूर्वीच्या फाइलस्टोअर या पद्धतीत प्रत्येक मजकूर आधी रोजकीर्दीत आणि मग फाइलव्यवस्थेत असा दोनदा लिहिला जाई. २०१७ पासून मूळ मांडणीत आलेली ब्लूस्टोअर ही पद्धत फाइलव्यवस्था वगळून थेट डिस्कवर लिहिते. मोठा मजकूर ती नव्या रिकाम्या जागी एकदाच लिहिते आणि फिरत्या डिस्कवरील लहान मजकूर तेवढा आधी रोजकीर्दीत घेते. फाइलस्टोअर २०२३ च्या ‘रीफ’ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

४. मंदपणाचे माप

लेखनाचा वेग दोन प्रकारे मोजतात, आणि या दोहोंची गल्लत हे पुष्कळशा निष्फळ खर्चाचे मूळ आहे. एका लेखनाची पोच मिळण्यास लागणारा काळ म्हणजे विलंब. एका सेकंदात होणारी एकूण लेखने म्हणजे झपाटा. दोहोंचा संबंध साधा आहे : एकाच वेळी वाटेवर असलेल्या लेखनांच्या संख्येस विलंबाने भागले की झपाटा मिळतो. विलंब १५ मिलिसेकंद असेल आणि प्रोग्राम एक पोच आल्याशिवाय दुसरे लेखन धाडीत नसेल, तर सेकंदाला सुमारे ६६ लेखने होतील. तोच प्रोग्राम ३२ लेखने एकदम वाटेवर ठेवील, आणि क्लस्टरला ते पेलत असेल, तर ही संख्या सुमारे २,१०० होईल. डिस्क तीच, नेटवर्क तेच.

१५ मिलिसेकंद कोठून आले? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा असतो. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरीने त्याच्या निम्मा वेळ जातो, आणि शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. तीन डिस्कवर लिहावयाचे तर तिघींपैकी सर्वांत उशिराचीसाठी थांबावे लागते. एका डिस्कवर फेऱ्यापोटी सरासरी ४.१७ मिलिसेकंद थांबावे लागत असेल, तर एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन डिस्कमधील सर्वांत उशिराचीसाठी ही सरासरी ६.२५ होते.

‘सर्वांत उशिराची’ हा मुद्दा जरा अधिक लक्ष देण्याजोगा आहे. प्रत्येक ओएसडी शंभरातील एका वेळी काही कारणाने रेंगाळतो असे धरले, तर तीन ओएसडींवर होणारे लेखन शंभरातील जवळजवळ ३ वेळा रेंगाळेल. आणि एकापाठोपाठ एक अशी १०० लेखने ज्या कामात करावी लागतात, त्या कामात निदान एकदा तरी रखडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के होते. सरासरी उत्तम असूनही साहाय्यकांची तक्रार खरी का असते, याचा उलगडा यात आहे. क्लस्टरमधील एकच आजारी डिस्क सर्वांचे काम मंद करू शकते; म्हणून वेग वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पुष्कळदा ती एक डिस्क हुडकून बदलणे हाच असतो.

आता नेटवर्क. लेखन मंद म्हटले की अधिक क्षमतेच्या नेटवर्कची मागणी होते. परंतु ४ किलोबाइट मजकूर वाहून नेण्यास सेकंदाला १ गिगाबिट क्षमतेच्या तारेवर सुमारे ३३ मायक्रोसेकंद लागतात आणि १० गिगाबिटच्या तारेवर ३.३. पंधरा मिलिसेकंदांच्या विलंबात ही बचत नगण्य होय. मोठ्या मजकुराची गोष्ट निराळी. सेकंदाला ४८,००० नमुने व नमुन्यास २४ बिट या प्रमाणाने केलेले एका तासाचे एकपदरी ध्वनिमुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट भरते, त्याचे सुमारे सव्वाशे खंड होतात, आणि त्यातील प्रत्येक खंड प्रमुखास पुढे आणखी दोन ठिकाणी धाडावा लागतो. येथे तारेची क्षमता खरोखरच कामास येते.

म्हणजे आमच्या विभागात दोन भिन्न कामे एकाच नावाखाली वावरत होती. मुद्रणे चढविणे हे झपाट्याचे काम. टिपणे नोंदविणे हे विलंबाचे काम. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाही.

अंतराचेही एक बंधन आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. एक प्रत मुंबईस व दुसरी पुण्यास ठेवावयाची म्हटले, तर सुमारे १५० किलोमीटरच्या जाण्यायेण्यातच निदान दीड मिलिसेकंद खर्च होईल, आणि ते कोणत्याही यंत्राने वाचविता येणार नाही.

५. वचन न मोडता वेग वाढविण्याचे उपाय

(अ) नोंदींची जुळणी. सर्वांत परिणामकारक उपाय साठवणीत नसून वरच्या प्रोग्राममध्ये असतो. एका तासाच्या मुद्रणात ९,००० शब्द आहेत असे समजा. टिपणाचा प्रोग्राम प्रत्येक शब्दाची नोंद स्वतंत्र व्यवहार म्हणून पक्की करीत असेल आणि प्रत्येक वेळी पोचेसाठी १५ मिलिसेकंद थांबत असेल, तर १३५ सेकंद निव्वळ थांबण्यात जातात. हेच व्यवहार उक्तीगणिक केले, आणि एका उक्तीत सरासरी ९ शब्द धरले, तर १,००० व्यवहारांस १५ सेकंद पुरतात. ३०० तासांच्या संग्रहाची टिपणे नव्याने चढवावयाची झाल्यास सव्वाअकरा तासांचे काम सव्वा तासात होते. वीज गेली तर हातची एक उक्ती जाईल. पण तिची पोच मिळाली नव्हती हे प्रोग्रामला ठाऊक असेल आणि ती पुन्हा नोंदविता येईल. दिलेले एकही वचन येथे मोडत नाही. वचनाचे एकक तेवढे मोठे होते. बोलीच्या अभ्यासकास उक्ती हेच स्वाभाविक एकक आहे, हा आणखी एक लाभ.

(आ) समांतरता. जी लेखने एकमेकांवर अवलंबून नाहीत ती एकदम धाडावी. आठ मुद्रणे एकामागून एक चढविण्यापेक्षा एकाच वेळी चढवावी. मात्र रोजकीर्द पक्की झाल्यावाचून खतावणीस हात लावू नये अशा प्रकारचा क्रम जेथे आवश्यक आहे, तेथे ही मुभा नाही. तेथे विलंबच कमी केला पाहिजे.

(इ) खंडांची विभागणी. एकाच मुद्रणाचे लेखन क्रमाने चालले असता लागोपाठचा मजकूर ४ मेगाबाइट भरेपर्यंत एकाच खंडात, म्हणजे त्याच तीन डिस्कवर, जात राहतो. बाकीच्या डिस्क रिकाम्या बसतात. आरबीडीवरील कल्पित डिस्क निर्माण करतानाच, उदाहरणार्थ, ६४ किलोबाइटचे तुकडे पाडून ते १६ खंडांत आळीपाळीने वाटण्याची सोय आहे. लहान लहान पण क्रमवार लेखनास तिचा उपयोग होतो.

(ई) रोजकीर्दीसाठी वेगळी जागा. फिरत्या डिस्कबरोबर ब्लूस्टोअरची रोजकीर्द व सूची एसएसडीवर ठेवावी. लहान मजकूर रोजकीर्दीत पक्का होताच त्या ओएसडीचे काम पुरे होते. फिरत्या डिस्कवर तो सवडीने उतरतो. रोजकीर्दच टिकाऊ असल्याने वचनास बाध येत नाही. मात्र एका एसएसडीवर अनेक डिस्कच्या रोजकीर्दी ठेवल्यास ती एक बिघडताच त्या सर्व ओएसडी एकदम निकामी होतात, हे विसरू नये.

(उ) एसएसडीची निवड. पुष्कळदा महाग नेटवर्क घेऊन झाल्यावर घरगुती उपयोगाच्या एसएसडी बसविल्या जातात, आणि मग त्या फिरत्या डिस्कहून फारशा जलद का नाहीत असा विस्मय वाटतो. कारण असे : एसएसडी आलेला मजकूर आधी आपल्या स्मृतीत लिहून घेते. ‘टिकाऊ जागी उतरव’ असे फर्मावले की घरगुती एसएसडीस तो प्रत्यक्ष उतरवावा लागतो, आणि हे काम तिला जड जाते. उच्च प्रतीच्या एसएसडीत मात्र कपॅसिटर बसविलेले असतात. वीज गेली तरी त्यांतील साठ्यावर ती आपल्या स्मृतीतील मजकूर उतरवू शकते. तिच्या बाबतीत लिहून घेणे हेच लिहून ठेवणे असते, म्हणून ती तत्काळ आणि खरी पोच देऊ शकते. लेखनाच्या विलंबावर या एका गुणाइतका परिणाम करणारा दुसरा गुण क्वचितच असेल.

(ऊ) किरकोळ पण हिशेबात घेण्याजोग्या गोष्टी. विभागांची सुरुवात ४ किलोबाइटच्या पटीत असावी. नाहीतर एका लेखनासाठी दोन ब्लॉक वाचून, बदलून, पुन्हा लिहावे लागतात. एखाद्या साच्यावरून निर्माण केलेल्या कल्पित डिस्कच्या कोणत्याही खंडावरील पहिल्या लेखनाच्या वेळी तो खंड आधी साच्यातून उचलून आणावा लागतो. असे लेखन वारंवार होत असल्यास डिस्क साच्यापासून वेगळी करून घ्यावी. जलद एसएसडी असता प्रोसेसरने वीज वाचविण्यासाठी घेतलेली डुलकीही विलंबात जाणवते.

(ए) प्रतींऐवजी संकेत. मजकुराचे ४ भाग करून त्यांस २ पूरक भाग जोडण्याची रीत आहे. तिला तिप्पट जागेऐवजी दीडपट जागा पुरते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी मजकूर वाचतो. परंतु एका लहान फेरफारासाठी इतर भाग वाचून पूरक भाग नव्याने मांडावे लागतात. एकदा लिहून पुन्हा न बदलणाऱ्या मुद्रणांस ही रीत सोयीची आहे. सतत बदलणाऱ्या टिपणांस नाही.

६. वचन सैल करणारे उपाय

आता दुसरा वर्ग. या वर्गातील उपाय सर्वस्वी त्याज्य आहेत असे नव्हे. परंतु त्यांची किंमत कळल्यावाचून ते योजू नयेत.

आरबीडीच्या ग्राहक-बाजूस मूळ मांडणीत ३२ मेगाबाइटची एक कॅश असते. ती लेखन स्मृतीत लिहून घेऊन लगेच पोच देते. तरीही तिला वचनभंग म्हणता येणार नाही. कारण ब्लॉक-साधनांच्या जगात ‘लिही’ व ‘फ्लश’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. साध्या लेखनाची पोच म्हणजे लिहून घेतल्याची पोच. ‘फ्लश’ची पोच म्हणजे लिहून ठेवल्याची पोच. ही कॅश ‘फ्लश’ पाळते. एवढेच नव्हे, तर पहिला ‘फ्लश’ येईपर्यंत ती प्रत्येक लेखन क्लस्टरपर्यंत पोहोचवूनच पोच देते. वरच्या प्रोग्रामला ‘फ्लश’ देणे ठाऊक आहे याची ती जणू खात्री करून घेते. सुजाण प्रोग्रामास तिच्यापासून भय नाही.

याच्या उलट क्यूईएमयू या आभासी यंत्राच्या प्रणालीत ‘असुरक्षित’ या अर्थाच्या नावाचीच एक कॅश-रीत आहे. तीत ‘फ्लश’ दुर्लक्षिला जातो. आमच्यापुढे आलेला दुसरा प्रस्ताव हाच होता. तीत प्रोग्राम हमी मागतो, यंत्र हमी देते, आणि त्या हमीमागे काहीही नसते. यात केवळ शेवटच्या काही नोंदी जातात असे नाही. रोजकीर्द आधी व खतावणी मागाहून हा क्रम या ‘फ्लश’वरच उभा असतो, तो मोडला म्हणजे वीज परत आल्यावर खतावणीचा काही भाग नवा, काही जुना आणि रोजकीर्द अपुरी अशी स्थिती उद्भवू शकते. जुनी, पूर्वी सुरक्षित असलेली टिपणेही त्यात बाधित होतात.

प्रतींची संख्या २ व किमान संख्या १ करणे हा आणखी एक प्रचलित मोह. एक ओएसडी बंद असता दुसरा एकटाच लेखने स्वीकारीत राहतो, आणि तोही बिघडला तर मधल्या काळात दिलेली सर्व वचने बुडतात. पहिला परत आला तरी त्याच्यापाशी जुनीच अवस्था असते. एकच प्रत ठेवण्याच्या प्रस्तावाविषयी मग निराळे सांगावयास नको.

२०२१ च्या ‘पॅसिफिक’ आवृत्तीपासून उपलब्ध झालेली टिकाऊ स्थानिक कॅश या दोहोंच्या मध्ये बसते. तीत लेखन ग्राहक-यंत्राच्या स्वतःच्या एसएसडीवर पक्के होऊन पोच मिळते आणि क्लस्टरकडे ते क्रमाने मागाहून जाते. वीज गेली तर काही बिघडत नाही. ते यंत्र कायमचे निकामी झाले तर क्लस्टरमधील प्रत जुनी पण सुसंगत राहते. शेवटचे काही शब्द गेले तरी चालतील, परंतु वही फाटता कामा नये, असे जेथे म्हणता येते तेथे हा उपाय विचारार्ह आहे.

७. मापनाविषयी दक्षता

कोणताही उपाय करण्यापूर्वी व नंतर मापन केले पाहिजे, आणि ते आपल्या कामाशी मिळतेजुळते असले पाहिजे. मोठ्या आकाराच्या व अनेक समांतर लेखनांचे आकडे जाहिरातीत शोभतात. टिपणाच्या कामाची कल्पना ४ किलोबाइटचे एकेकटे लेखन आणि प्रत्येकामागून ‘फ्लश’ या मापनानेच येते. दोन्ही मापने वेगवेगळी नोंदवावी. मापन अल्पकाळ चालविल्यास केवळ कॅशचा वेग मोजला जातो. नुकत्याच निर्माण केलेल्या रिकाम्या कल्पित डिस्कवरील आकडे भरलेल्या डिस्कवर खरे ठरत नाहीत. सरासरीबरोबर शंभरातील सर्वांत मंद लेखन किती वेळ घेते हेही पाहावे. आणि एक ओएसडी मुद्दाम बंद करून, प्रती नव्याने भरल्या जात असतानाही मापन करावे. कारण प्रणालीची परीक्षा अशाच दिवशी व्हावयाची असते.

८. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून असे दिसून येईल की, क्लस्टरवरील लेखनाचा मंदपणा हा केवळ दोष नसून तो बव्हंशी वचन पाळण्याचा खर्च आहे. हा खर्च तीन प्रकारे कमी करता येतो : एका वचनात अधिक मजकूर बसवून, अनेक वचने समांतर चालवून, किंवा लिहून ठेवण्याची जागा अधिक जलद करून. चौथा प्रकार म्हणजे वचनाचा अर्थच बदलणे. तोही निषिद्ध नाही. परंतु तसे करताना कोणता मजकूर पुन्हा मिळविता येतो व कोणता येत नाही याचा निवाडा आधी झाला पाहिजे, आणि तो यंत्रज्ञाने एकट्याने करावयाचा नसून संग्रहाच्या अभ्यासकाने करावयाचा आहे.

आमच्या विभागात हा निवाडा पुढीलप्रमाणे झाला. मुद्रणे व टिपणे यांच्या तीन प्रती व ‘फ्लश’चे पालन कायम ठेवण्यात आले. टिपणाचा प्रोग्राम उक्तीगणिक नोंद करू लागला. मुद्रणांवरून यंत्राने काढलेली स्वरलहरींची चित्रे व तत्सम दुय्यम साहित्य, जे एका रात्रीत पुन्हा काढता येते, ते तेवढे वेगळ्या जागी सैल नियमाने ठेवण्यात आले. साहाय्यकांची तक्रार आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ज्या निवेदकांनी आपले बोलणे आमच्या स्वाधीन केले त्यांस आम्हीही एक गोष्ट लिहून दिली होती : हे बोलणे जपले जाईल. संग्रहाच्या यंत्रांनी दिलेली प्रत्येक पोच ही त्या मूळ वचनाचाच एक अंश होय, आणि वेगाचा हिशेब मांडताना तो अंश वजा टाकता येत नाही.